हो किंवा नाही

गळ्यातल्या दोरीला दोन गोष्टी:
घराची किल्ली आणि नखाएवढा पेनड्राइव्ह.
किल्ली इथे काहीच उघडत नाही.
ओर्ता इथून दीडशे मैल, मधे समुद्र,
समुद्रावर वारा, वाऱ्यापायी विमान रद्द.
उद्या फ्लोरेशची मिरवणूक
आणि झेफेरिनुच्या क्लॅरिनेटचं तिसरं पान
राहिलंय माझ्या घरच्या मशीनमधे.

बेल्मिरुच्या लॉजच्या काउंटरवर
एक जुना कॉम्प्युटर, स्पेसबार खिरीने चिकट.
मी भोक चाचपते.
उलटा. सुलटा. पुन्हा उलटा.
आणि मुका डबा बोलू लागतो,
पत्र्याच्या, नाकातल्या, घाईतल्या आवाजात,
तव्यावर मोहरी टाकल्यासारखा.
"बाई, हा कुणाशी भांडतोय?" बेल्मिरु विचारतो.
मला त्यात स्वल्पविरामसुद्धा ऐकू येतात.
त्याला शब्द दिलाय: काढून घेतला की
डबा पुन्हा तुमचा, होता तसा.
पाहुणीने न्हाणीत केस ठेवू नयेत.

मग इथून तिथे.
नंबर, पासवर्ड,
घरचं मशीन ओ देतं, उशिरा,
जिन्याच्या तळातून दिल्यासारखी.
खालचा बाण दाबायचा, श्वास घ्यायचा, मग उत्तर.
संगीत. मिरवणुका. क्लॅरिनेट तिस—

आणि काही नाही.

ही शांतता मी ओळखते.
तिकडे एखादी चौकट उगवलीय
सगळ्यांना गप्प करून काहीतरी विचारणारी,
आणि माझ्या आवाजाला तिच्या दारात मज्जाव.

रात्री साडेदहाला देओलिंदाला फोन.
खालच्या मजल्यावरची, वय एकोणऐंशी,
दुसरी किल्ली तिच्या पिठाच्या डब्यात.
बावीस पायऱ्या मी तिच्या सपातांवरून मोजते.
"काय दिसतंय?"
"धूळ."
"पडद्यावर बघ."
"पडद्यावरही आहे."
मग चष्म्याची डबी टक्कन उघडते.
"विचारतोय, अमक्याला बदल करू देऊ का."
"कुठल्या अमक्याला?"
"नाव परदेशी आहे गं."
"अक्षरं सांग."

ती सांगते. एकेक, ओल्या दोरीवरून
चिमटे काढावेत तशी.
माझा पत्र्याचा आवाज एका दमात पानं संपवतो,
ही एका अक्षरावर थांबते, म्हणते,
"याला पोट आहे, पण शेपूट नाही."
आणि न विचारता:
"मागे चित्र आहे. डोंगर. हिरवागार.
कुठला गं हा?"

चित्र?
नऊ वर्षं मी त्या मशीनसमोर बसतेय.
कुणी बोललं नव्हतं.
"माहीत नाही. मशीनबरोबर आला असेल."
"पिकू नाही," ती ठामपणे म्हणते,
"पिकूला टोक असतं. हा म्हणजे नुसता
झोपलेल्या गाईची पाठ."

"देओलिंदा, 'हो' दाब."
"विचार कर. 'नाही' पण आहे."
"हो दाब."

ठक्. आधी फोनमधून.
मग समुद्राखालून, दोन श्वासांनी,
काउंटरवरचा डबा म्हणतो:
क्लॅरिनेट तिसरा. पान तीन. उघडत आहे.
बेल्मिरु टाळी वाजवतो, कशासाठी ते न कळता.
प्रिंटर खोकतो, कागद कोमट.

मी पेनड्राइव्ह ओढते. वाक्य अर्ध्यावर तुटतं.
"गेला?" बेल्मिरु विचारतो,
थोडा हिरमुसून.

फोन अजून चालू आहे.
तिकडे पाणी पडतंय, माझ्या जिरेनियमच्या कुंडीत बहुतेक.
"ओतिलिया, तुझ्या खोलीतला बल्ब गेलाय.
कधीपासून?"
मला काय ठाऊक.
"मग तू आत्तापर्यंत बघत कशी होतीस?"
"त्या डोंगराच्या उजेडात."
ती जिना उतरते. विसाव्या पायरीवर थांबते.
"उद्या बल्ब आणते."
"अगं, मला कशाला?"
"तुला नाही. मला लागतो."