मऊ पाणी

पेटी सुताराची. चर्चच्या तळघरातल्या सेलमध्ये
तीन पौंडांना घेतली, खणांत अजून भुसा होता.
सगळा काढला नाही.
कोपऱ्यात चिमूटभर राहू दिला,
मागचं बिऱ्हाड एकदम कशाला हुसकवा.

रात्री फरशीवर बसून भरायला घेतली.
पटाशीच्या जागी काचेचा वायपर.
खिळ्यांच्या खणात खायचा सोडा, तारेच्या घासण्या,
दोन जुने टूथब्रश: एक माझा,
एक नवऱ्याचा, जो त्याला अजून जुना वाटत नव्हता.
ब्लीच डावीकडे. व्हिनेगर उजवीकडे.
मध्ये हातमोज्यांची भिंत.
या दोन जावा एका बादलीत नांदत नाहीत,
घरभर खोकला करतात,
हे लूटनला असताना अडवोआनं शिकवलं.
आणि हेही, की बसने जायचं तर
बाटली निम्मीच भर.
काठोकाठ बाटल्या, ती म्हणायची, गाडीवाल्यांच्या.

मग फडकी.
लाल संडासाचं, पिवळं बेसिनचं,
हिरवं ओट्याचं, निळं फक्त काचेचं.
लालनं हिरव्याला शिवायचं नाही.
घडी वेगळी, पिशवी वेगळी, धुणंही वेगळं.
मी एकटीच हसले.
आमच्या आईनं बावीस वर्षं शाळेचे वर्ग झाडले
आणि त्याच शाळेच्या माठातलं पाणी
तिला वरून मिळायचं, ओंजळीत.
इथे सोवळं-ओवळं चार फडक्यांत आटोपतं,
आणि मशीनमध्ये साठ डिग्रीला
लालचाही विटाळ फिटतो.

सकाळी डंडीची बस चढणीवर कण्हत होती.
पेटी मांडीवर,
अर्ध्या पायलीच्या दळणासारखी.

पहिलं घर. दुसरा मजला.
मिसेस नेटा गेलॅट्ली, वय शहाऐंशी,
दार उघडलं तेव्हा अंगात ॲप्रन,
कानाजवळ साबणाचा फेस.
ओटा लखलखीत. बेसिन कोरडं.
संडासातून फिनेलचा वास.
'तू येणार म्हणून जरा आवरलं,'
आणि धाप लागून खुर्चीत बसली.

अशा वेळी काय करायचं
ते अडवोआनं शिकवलं नव्हतं.

मी उगाच पेटी उघडली.
ती वाकून एकेक वस्तू तपासू लागली,
स्थळ बघायला आल्यासारखी.
टूथब्रशना मान डोलावली.
व्हिनेगरशी अडली. 'हे कशाला?'
किटलीतल्या पांढऱ्या थराला, मी म्हटलं,
लूटनचा नळ नुसता चुना ओततो.
ती हसली. दात ग्लासात होते, तरी मनमोकळी हसली.
'इथलं पाणी मऊ गं. टेकड्यांतून येतं.
माझी किटली बघ, एकोणतीस वर्षांची.'
आतून खरंच नवीन,
तळाशी आम्हा दोघींचे चेहरे, पसरट, एकाच मापाचे.

बाटली तिनं ठेवून घेतली, चिप्सवर शिंपडायला.
तिची जागा रिकामी झाली तेव्हा
कपाटातून काढली एक खरखरीत घडी:
गोणपाट, काठ हातानं शिवलेले.
'सोळाव्या वर्षापासून मिलमध्ये होते मी.
ताग तुमच्याकडून बोटीनं यायचा.
फरशीला याच्यासारखं काही नाही.'

पोतेरं, मी म्हटलं.
पो-टे-रा, ती म्हणाली, दोनदा, बिनदातांची,
आणि 'ट' काही केल्या 'त' झाला नाही.

मी ते रिकाम्या खणात ठेवलं.
चार रंगांत कुठेच बसत नव्हतं,
भुशाशी मात्र लगेच जमलं.

मग पुन्हा काढलं, ओलं केलं, पिळलं,
म्हटलं, मिसेस गेलॅट्ली, पाय जरा वर घ्या.
साऱ्या घरात एवढीच जागा राहिली होती,
तिच्या खुर्चीखालची.