जुळवणी

पाट्टोवरच्या थंडगार खोलीत आता मोजणी होते.
दारं नाहीत, कुत्री नाहीत, उन्हाची तिरीपसुद्धा नाही.
वह्या एकमेकींशी बोलतात म्हणे,
जन्माची मृत्यूशी, रेशनची विजेच्या मीटरशी,
आणि बोलणं अडतं तिथे मला बसवलंय,
निवृत्त मास्तरणीला, रोजंदारीवर.

आज चोडणात अडलंय. घर क्रमांक एकशे बारा.
जन्मनोंदीत पिएदाद कुतिन्य,
रेशनकार्डावर पिदाद कुटिन्हो,
विजेच्या बिलावर पी. डी. कोतीन.
यंत्र विचारतं : तीन स्त्रिया, की एक?

मी बसलेय त्या बाल्कांवावर.
फेब्रुवारी होता, परतीची फेरी चुकलेली,
चपलेत काजूच्या बागेतली लाल माती.
गेरूने दारावर आकडा घालताना ती म्हणाली,
'वयर बरय. पावसांत पुसून वता.'

घरात किती जण?
पाच, ती म्हणाली.
नवरा : भिंतीवर, मेणबत्तीच्या मागे.
थोरला तारवटी, कुठल्या समुद्रात ते कंपनीलाच ठाऊक.
धाकटा लिस्बनच्या कागदावर स्विंडनला.
आणि मुलगी,
जिचं नाव सांगण्याआधी तिने उठून
पेजेखालचा जाळ सारखा केला.

काल रात्री इथे कोण झोपलं होतं?
पुस्तिकेत होतं तसंच विचारलं मी.
'कोण न्हिदलां? कोणूच ना.'

मी लिहिलं : एक.
आधी पेन्सिलीने, मग शाईने.
तिला वाचता येत नव्हतं,
पण एवढासा आकडा बघून कळलंच असणार.
निघताना माझ्या तळहातावर
भाजलेल्या काजूबिया ठेवल्या तिने.
धक्क्यावर पोचून मोजल्या. पाच.

मृत्यूच्या वहीत तिघींपैकी कोणीच नाही.
मीटर अजून महिन्याला अठरा युनिटं खातो.
कोणासाठी जळतो तो दिवा,
हा रकाना कुठल्याच वहीत नाही.

पर्येकर खुर्चीतूनच म्हणतात,
'बाई, एकच असणार. दाबा.'
एकच आहे, मला का माहीत नाही?
पण त्या घराचं चौघांचं देणं आहे माझ्याकडे
आणि यंत्र, मी न मागता,
दोन परत करतंय.

मी पाणी प्यायला उठते.
बाटली भरून होईतो तरी
तिघी बसू देत बाल्कांवावर, जोडीला जोड.

खाली पुढची नोंद खोळंबलीय :
दिवाडी. पक्कं छप्पर, स्वतःची विहीर.
माणसं शून्य.
बिलं वेळच्या वेळी भरलेली.