दुसरा काढा

जेचनच्या बाजारात ओक वैद्याने
मानसॉपच्या मनगटावर तीन बोटं ठेवली,
डोळे मिटले, आणि आईला म्हणाला,
पोरगं कागदाचं आहे.
वीस पुड्या. पानगळीत एकदा, पालवीत एकदा.
आईने कमरेची पुरचुंडी सोडली.
त्या वर्षीचे सगळे तीळ तिच्यात होते.

पुड्या आढ्याला टांगल्या,
उंदरांना पोचू नयेत इतक्या उंच,
आणि मलाही.

माझं नाव हूनाम.
म्हणजे, हिच्या पाठीवर मुलगा.
मानसॉप झाला आणि नावाचं काम संपलं.
मी मात्र वाढतच राहिले,
बार्लीच्या भातावर, मुळ्याच्या पाल्यावर,
पावसात भिजले तरी शिंकले नाही.
शेजारच्या बायका माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणायच्या,
यातलं मूठभर त्याला गेलं असतं तर.

चुलीपाशी बसायचं ते मी.
निखाऱ्यांवर मातीचं भांडं, तोंडाला कागद बांधलेला,
कागदावर वाफेचे तपकिरी डाग.
पंखा हलवायचा, पण जाळ नको, नुसती धग.
तीन वाट्यांची एक वाटी होईस्तोवर.
अर्धा गुण मुळीचा, अर्धा राखणाऱ्याचा,
आई म्हणायची.
म्हणजे अर्धा माझा.
हा हिशेब मी कुणाला विचारला नाही.

जेष्ठमध, सुकी बोरं, आलं,
आणि हरणाच्या शिंगाची नखाएवढी चकती.
तागाच्या फडक्यात ओतून
दोन काठ्यांनी पिळायचं,
एक काठी आईकडे, एक माझ्याकडे, उलट्या दिशांना.
शेवटचा थेंब काळा, जड,
पडू की नको करत लोंबायचा
आणि आम्ही दोघी श्वास धरून.

मानसॉप नाक दाबून प्यायचा.
डोळे भरून यायचे, मग जिभेवर खडीसाखर.
एकदा त्याने ती अर्धी चघळून
माझ्या तळहातावर काढून ठेवली.
कडू होती.
खाल्ली मी.

चोथा टाकायचा नाही.
दोन पुड्यांचा चोथा मिळून दुसरा काढा:
पातळ, चहासारखा दिसणारा, चहा नसलेला.
तो माझा.
तिसऱ्यांदा उकळलेल्या पाण्याला नाव नव्हतं.
ते आई प्यायची, उभ्यानेच, आमच्याकडे पाठ करून.
मला वाटायचं ती भांडं विसळते आहे.

एका रात्री मला डुलकी लागली.
करपल्याच्या वासाने आई धावत आली,
भांड्याच्या बुडाशी एक काळी खपली,
शिंगाची चकती तिच्यात चिकटलेली.
तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला,
अंगात ताप नाही ना.
मग कानाखाली दिली.
या दोन्हींतला क्रम
मला चाळिशी उलटल्यावर आठवला,
बसस्टॉपवर, काही कारण नसताना.

मानसॉप उल्सानच्या गोदीत
तीस वर्षं क्रेन चालवून निवृत्त झाला.
दारात उभा राहिला की उजेड अडतो.
माझ्या गुडघ्यांसाठी तो दर पानगळीत
खोकं पाठवतो, साठ पाकिटं,
यंत्राने उकळलेली, यंत्राने पिळलेली.
कोपरा कापायचा आणि प्यायचं.
ताई, हा पहिला काढा आहे, फोनवर ओरडतो,
अस्सल पहिला, पाणी घालू नकोस!
त्याला वाटतं मला कमी ऐकू येतं.

दाट आहे खरा.
आई पिळायची त्याहून दाट.
खोक्यात एका कोपऱ्यात खडीसाखरेची पुडी असते,
ती मी खालच्या मजल्यावरच्या पोरीला देते.

आणि पाकीट रिकामं झालं
की त्यात थोडं गरम पाणी ओतते,
हलवते,
आणि मोरीपाशी उभी राहून
तेही पिते.