राखणदाराचा कोंबडा

खुराड्यावर जुनं जाळं टाकलंय,
बांगड्याचं, दोन ठिकाणी सांधलेलं.
दाराला पत्रा. पत्र्याला धोंडा.
डांबऱ्याला रात्री पडवीत घेतो,
बिबट्या कुत्रं सोडत नाही.
कोल्ह्याला तर खाजणातून यायला
भरतीसुद्धा आडवी येत नाही.

काल नेला तो नेमका तांबडा,
राखणदाराला बोललेला.
सहा तलंगांना नखही लावलं नाही.

सत्यवती म्हणते, दुसरा द्यावा लागेल.
पास्कू कुंपणावरून हसतो:
पोचला की रे, आणखी काय हवं?

पिसं गोळा करून माडाच्या आळ्यात पुरली.
चिखलात पावलं, चार बोटं, नखं,
थेट चव्हाट्याच्या वाटेला लागलेली.

रात्री पत्र्याला आणखी एक धोंडा लावला
आणि नारळ ठेवला, बाहेर,
कुणाला ते न बोलता.