पहिली ओळ

इर्मेलीबाई निवृत्त झाल्या, स्क्रिप्ट मागे राहिली.
चारशे बारा ओळी.
तळ्यावर बर्फ कधी धरला, कधी फुटला,
सदतीस हिवाळ्यांचा हिशेब.
तूरे ती कुओपिओच्या ऑफिसात चालवतो
आणि ती पहिल्याच ओळीला अडते:
असा फोल्डर नाही.

खरंच नाही.
डी ड्राइव्ह, त्यात इर्मेली, त्यात सौनाकामारी
(सौनेला लागून असलेली खोली, तिथे त्या बसत),
त्यात हिवाळा.
या यंत्राला डी ड्राइव्हच नाही,
सौना कुठली.

मी आत्ता आहे कुठे, तो विचारतो.
यंत्र खोटं बोलत नाही: डाउनलोड्समध्ये.
विम्याची पावती, पगारपत्रक,
कुणाच्या तरी मांजराचे तेरा फोटो.
इथे उभा राहून तो
तळं मागत होता.

नाव बरोबर असून भागत नाही.
हाक कुठून मारली
त्यावर ओ कोण देणार ते ठरतं.

त्याने फोन लावला.
पलीकडे बराच वेळ नुसती किटली.
मग बाई म्हणाल्या,
ती ओळ माझ्या घरचा पत्ता आहे रे.
तेव्हा वाटायचं, चालवणारी मीच.
मग कुठे उभा राहू?
जिथे स्क्रिप्ट आहे तिथे. पुढचं सगळं तिथून मोज.
एक टिंब म्हणजे इथे,
दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर.
आणि मधेच जागा बदलू नकोस,
मी बदलायचे,
दोनशेव्या ओळीपर्यंत माझं मलाच कळायचं नाही
कुठे आहे मी.

पुसायला गेलेलं बोट थांबलं.
त्याने ओळीआधी हॅश टाकला.
यंत्र आता ती वाचत नाही.
माणूस वाचू शकतो.

स्क्रिप्ट चालली. पंख्याने जरा आवाज केला.
काही चुकलं नाही, काही दिसलंही नाही.
आलेख गेला कुठे?
शेवटची ओळ त्याने नीट पाहिली नव्हती:
खोली नसेल तर बांध,
चित्र आत ठेव.

तिसऱ्या मजल्यावर, सरकारी यंत्रात,
एक नवी सौनाकामारी.
आत एकच चित्र,
दरवर्षी थोडं लवकर फुटणारं तळं.