मानस

आमच्याकडे मानस म्हणजे मन नव्हे.
बांधातलं लाकडी दार.
भरती आली की पाण्याच्या जोरानंच मिटतं,
ओहोटीला उघडतं, आतलं पाणी नदीला देतं.
दिवाडीच्या धक्क्याकडे जाताना
रोज स्कूटरवरून दिसतं मला ते.
मग फेरी, मग पूल,
मग पर्वरीच्या चौथ्या मजल्यावरची काच.

आम्ही भरती-ओहोटीचं अ‍ॅप करतो.
पहिले सात दिवस फुकट,
नंतर महिना नव्याण्णव.

गेल्या तिमाहीत त्रिविक्रम म्हणाला, लोक जात आहेत.
साथीत माणसं दगावतात तसा त्याचा आवाज.
पडद्यावर रेघ खाली वाकलेली,
आणि मुंबईहून कुणी अदृश्य माणूस
त्या रेघेकडे बघत असल्यासारखे
सगळे ताठ बसलेले.

मग ‘रद्द करा’ हे बटण माझ्याकडे आलं.
पहिल्या पानावरून ते मी तिसऱ्यावर नेलं,
तिसऱ्यावरून ‘मदत’च्या पोटात,
लाल होतं ते राखाडी केलं.
तिथवर कुणी पोचलंच तर विचारायचं : खरंच जाताय?
खाली मोठं निळं ‘राहतो’
आणि बारीक अक्षरात ‘नंतर पाहू’.
‘जातो’ त्याच्याही पुढच्या पानावर.

कोडमध्ये एक चूक नव्हती.
हे मला सांगायचंच आहे.
माझं काम स्वच्छ असतं.
रेघ वर आली, बोनस मिळाला,
घरी इन्व्हर्टर बसवला.
वीज गेली की आई आता माझं नाव घेते.

रविवारी कायतान आला.
चाळीस वर्षं मानशीवर.
वाऱ्याला नाक लावून पाणी सांगणारा माणूस,
नातवानं हौसेनं त्याच्या फोनात
आमचं अ‍ॅप घालून दिलेलं.
पाच महिने नव्याण्णव जात होते.
फोन माझ्यापुढे धरून म्हणाला,
‘बाय, हें दार खंय धांपता?’

मी न बघता सांगितलं :
वर तीन रेघा, मग मदत, मग इतर,
खाली, अजून खाली,
नाही, ते निळं नको,
काका, ते निळं नको म्हटलं ना.

‘तुला बरं पाठ आहे,’ तो म्हणाला.

आई चहा घेऊन आली, म्हणून बरं.

चहाबरोबर त्याच्याच तोंडून निघालं.
यंदा मानशीची पावणी चढी गेली.
बोली मोठी, तर मासळीही मोठी हवी.
पावणी घेतलेल्यानं सांगितलंय,
भरतीला दार तासभर जास्त अडकवून ठेव.
तासभरच.
पाण्याबरोबर शेवटे येतात, खेकडे येतात,
त्यांच्या मागून खार येतो.
कोरगुट भात, ज्याला खार सोसतो,
तेसुद्धा वरच्या खाजनात पिवळं पडलंय.
‘मग तू अडकवतोस?’
‘पगार तो देतो.’
बशीतला चहा त्यानं फुंकला.
‘दार चांगलं आहे गं. सागवान.
मीच तेल लावतो त्याला.’

मी त्याचा फोन घेतला
आणि त्याचं ‘जातो’ दाबून दिलं.
लगेच एक पत्र आलं त्याला,
आम्हाला तुमची आठवण येईल.
तेही मीच लिहिलेलं.

सोमवारी रेघ पाहिली.
एक कायतान गेल्याचं तिला कळलं नव्हतं.
त्रिविक्रम खुशीत होता,
पुढच्या तिमाहीत एकशे एकोणपन्नास करू म्हणाला.
काचेपलीकडे मांडवीत भरती चढत होती,
कॅसिनोची जहाजं इंच इंच उचलली जात होती,
आणि मला माहीत होतं
या क्षणी पलीकडे कुठलं दार
कुठल्या खुंटीला अडकवलेलं असेल.

जाताना कायताननं
कागदात गुंडाळून सहा शेवटे दिले होते.
नको म्हणायला हवं होतं.
मला माहीत होतं कुठल्या तासाचे ते.
आईनं तिरफळं घालून हुमण केलं.
चांगलं झालं होतं.
मी दोनदा वाढून घेतलं.