वाचनाचे दहा सेंट

लिन गावात, ओबेड टार्बेलच्या खोपटात
चौघं मांडीवर फर्मा घेऊन बसत,
आणि मी पाचवा, खिडकीजवळच्या पिंपावर.
माझ्या हातात ना आरी, ना रापी.
मला आठवड्याचे दहा सेंट मिळत
वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे.

नऊ वर्षांचा होतो.
बुडालेलं जहाज, मेणबत्त्यांचा भाव,
कुणा सिनेटरचं लांबलचक भाषण,
सगळं एकाच सुरात वाचायचो.
अडखळलो की ओबेड
तोंडातले खिळे गालात सरकवून म्हणायचा,
"गिळू नकोस पोरा, चावून दे."
मग वाद पेटायचा. हात थांबायचे.
अर्धा शिवलेला बूट मांडीवर तसाच,
जीभ बाहेर काढून ऐकत पडलेला.
दुपारी कुणी मासे धरायला जायचं,
कुणी बटाटे काढायला.
घड्याळ नव्हतंच तिथं.
ऊन बाकाच्या तिसऱ्या खाचेवर आलं
की भाकरी सोडायची.

मग वाफेवर चालणारं ते यंत्र आलं.
ओबेडचा अख्खा दिवस
ते त्याचा पाइप पेटेस्तोवर शिवून टाकायचं.
तो बघून आला. बराच वेळ गप्प होता.
म्हणाला, "टाका बरा आहे."
खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.
तिसऱ्या हिवाळ्यात खोपटात कोंबड्या आल्या.

विटांची चार मजली इमारत. भोंगा पहाटे पाचला.
दलदलीवर रस्ते पडले, रस्त्यांवर भाड्याच्या खोल्या,
एका खाटेवर तिघं, आणि उशाला
एकमेकांचे न समजणारे देश.
समुद्राचा वास कातड्याच्या वासाखाली गेला
तो वर आलाच नाही.
माझी आई रविवारीही पाचला जागी व्हायची
आणि हात मांडीवर ठेवून नुसती बसायची,
भोंगा का होत नाही म्हणून.

ओबेडला टाचा मिळाल्या.
फक्त टाचा. दिवसाला चारशे.
पुढा कुणाचा, तळवा कुणी लावला, पत्ता नाही.
पूर्वी संध्याकाळी विचारलं, काय केलंस,
तर सांगायचा, "त्या चपट्या पायाच्या पाद्र्याचे बूट.
आता चालेल नीट, प्रवचन काही सुधारायचं नाही."
आता म्हणायचा,
"टाचा."

मी गाडे ढकलायचो, या टेबलाकडून त्या टेबलाकडे.
त्या खडखडाटात स्वतःचा खोकला ऐकू यायचा नाही,
वाचन कोण ऐकणार?
पण जुनी खोड. भिंतीवर नवी नोटीस दिसली
आणि मी पुटपुटत वाचू लागलो:
सोमवारपासून जोडीमागं एक सेंट कमी.
पुढे शिवणारी ऑनोरा गिलफॉयल,
कॉर्कहून आलेली, दोन बोटं सुईनं गेलेली,
माझ्या ओठांकडे बघत होती.
तिनं शेजारणीकडे तोंड वळवलं, ओठ हलवले.
शेजारणीनं पुढच्या बाईकडे.
ती ओळ आवाज न करता
खिडक्यांपर्यंत गेली, जिना चढली,
आणि चाकांवरचे पट्टे
एकेक करून सुटत गेले.

शांतता. दिवसाढवळ्या, भर कामाच्या वेळी.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
वाटलं, आता मोठ्यानं वाचावं.
तोंड उघडलं, तर घोगरा, अनोळखी आवाज.
यंत्रांच्या गदारोळात माझा आवाज फुटला होता,
मलाच कळलं नव्हतं.
बाया हसल्या. जिन्यात उतरून आलेला ओबेडसुद्धा,
गालात खिळे असल्यासारखा.

संप अकरा दिवस टिकला.
सेंट परत आला नाही.
ऑनोराला काढलं. ती लॉरेन्सला गेली म्हणे,
कुणी म्हणतं बॉस्टनला.

ओबेड गेला तेव्हा जमीन गोठलेली होती,
कुदळ उसळून यायची.
त्याला नवे बूट घातले, दुकानातून आणलेले,
दोन डॉलर दहा सेंट.
झाकण लावण्याआधी मी वाकून टाचा पाहिल्या.
खिळे नीट, सारख्या अंतरावर.
त्याच्याच असतील.
किंवा कुणाच्याही.